कवितेपुढे गप्प बसणाऱ्या कथाकाराला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कथा लिहिता, एक कादंबरी अर्धी झाली आहे. ज्या लेखन-कार्यशाळेत जाता तिथे निम्मे लोक कविता आणतात. कथेवर चर्चा असली की तुम्ही अर्धा तास बोलू शकता. कविता आली की कागदाकडे बघत बसता आणि पाळी आली की ‘छान आहे, भिडली’ म्हणून सुटका करून घेता. मनातून वाटत असतं, हे साधं गद्य तोडून ओळींत मांडलंय, नाहीतर मुद्दाम धुकं पसरवलंय. त्याच वेळी भीतीही वाटते, की दोष आपल्याच कानात असावा. शिवाय एक तक्रार: कवी मंडळी तुमच्या कथेवर बोलतात तेव्हा कथानक सोडून एखाद्या शब्दालाच धरून बसतात.

मी गेली २० वर्षं कथा लिहितेय आणि त्यातली बरीच वर्षं अशी मिश्र सत्रंही घेतेय. त्याआधी सहभागी म्हणून बसायचे तेव्हा माझी अवस्था तुमच्याहून वाईट होती, कारण मी गप्प बसत नसे. एका सत्रात एक वयस्क कवी आपली कविता वाचून थांबले आणि मी लगेच विचारलं, ‘म्हणजे नेमकं झालं काय? ती बाई घर सोडून गेली की नुसती दारात उभी आहे?’ ते हसले. म्हणाले, ‘तुम्ही कवितेची उलटतपासणी घेताय. आधी तिला बोलू तरी द्या.’ मग कागद माझ्याकडे सरकवून त्यांनी ती कविता मोठ्यानं वाचायला सांगितली. मी वाचली. पूर्णविराम येईपर्यंत थांबायचं नाही ही गद्याची सवय, म्हणून ओळी संपत होत्या तिथून मी सरळ पुढे जात होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, ‘आता ओळ संपेल तिथे थांबा. स्वल्पविरामापेक्षाही कमी. बाकी काही करू नका.’

त्या कवितेत एका ओळीच्या शेवटी ‘ती निघाली’ होतं आणि पुढच्या ओळीत एकटा ‘नाही’. पहिल्या वाचनात मी ‘ती निघाली नाही’ असं सलग वाचलं होतं. एक माहिती मिळाली, पुढे गेले. दुसऱ्या वेळी अर्ध्या क्षणापुरती ती खरोखरच निघाली. मग ‘नाही’ आलं आणि ती परत दारात. ती अर्ध्या क्षणापुरती बाहेर पडलेली बाई वाक्यात कुठेच नव्हती. ओळ जिथे तोडली होती, तिथे होती.

मला सांगायचंय ते एवढंच आहे आणि बाकीचं उत्तर त्याचाच विस्तार समजा: तुम्ही कविता वाक्यांनी वाचताय, ती आधी ओळींनी वाचावी लागते. गद्यात ओळ कुठे संपणार हे कागदाची रुंदी ठरवते. पुस्तकाचा आकार बदलला, अक्षरं मोठी केली, की तुमच्या कथेच्या सगळ्या ओळी बदलतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. कवितेत ती जागा कवीनं ठरवलेली असते. आपल्याकडे वाक्य आणि परिच्छेद ही दोन मापं. कवीकडे तिसरं एक माप, आणि ते वाक्याशी कधी जुळवून घेतं, कधी त्याला आडवं जातं. ही ओढाताण ऐकू यायला लागली की निम्मी अडचण संपते.

एक उदाहरण घेऊ. हे मी आत्ता तुमच्यासाठीच जुळवलंय, थोर कविता वगैरे नाही. तुमच्या कार्यशाळेत एखाद्या आठवड्यात येईल अशीच आहे.

आई गेल्यावर
कपाट उघडलं.
आतला अंधार
घडी घालून ठेवलेला.

हेच मी कथेत लिहिलं असतं तर बहुधा असं: ‘आई गेल्यावर मी तिचं कपाट उघडलं, तेव्हा आतला अंधारही जणू नीट घडी घालून ठेवलेला होता.’ काय काय जास्तीचं आलं पाहा. ‘मी’ आलं, ‘तिचं’ आलं, ‘ही’ आणि ‘जणू’ आले, ‘नीट’ आलं, शेवटी ‘होता’ आला. ‘जणू’नं वाचकाला आधीच सांगून टाकलं की घाबरू नका, ही कल्पना आहे. ‘नीट’नं आईचा नीटनेटकेपणा सांगितला. ‘होता’नं दार लावून घेतलं.

ओळींमध्ये मात्र ‘आतला अंधार’ इथे तुम्ही एकटे थांबता. बंद कपाटात अंधार असणारच, त्यात काही नाही. म्हणून तुम्ही बेसावध असता. मग पुढची ओळ येते आणि अंधाराचं एकदम कापड होतं. ‘ठेवलेला’वर कविता थांबते, क्रियापद पुरं होतच नाही, त्यामुळे ती घडी अजून तिथेच आहे. आईबद्दल एक विशेषण नाही, तरी ती बाई कशी होती हे तुम्हाला कळलंय. आता याच ओळी वेगळ्या तोडून पाहा: ‘आतला / अंधार घडी घालून / ठेवलेला’. शब्द तेच, क्रम तोच. पण अंधार आणि घडी एकाच ओळीत आल्यामुळे धक्का लागायच्या आतच ओसरला. असं उलटसुलट करून पाहणं ही गोष्ट कथाकाराला येते. आपण परिच्छेद कुठे तोडायचा यावर असाच विचार करतो, फक्त मोठ्या अंतरावर.

तुमचा जो संशय आहे, की पुष्कळदा हे तोडलेलं गद्यच असतं, तो अनेकदा खरा असतो. कार्यशाळेत येणाऱ्या कवितांपैकी पुष्कळ तशाच असतात. कथांपैकी पुष्कळ नुसत्या हकिकती असतात, तसंच. ओळखायची सोपी रीत म्हणजे ओळी जोडून सलग वाक्य करायचं आणि काय हरवलं ते बघायचं. ‘आज सकाळी मी / लवकर उठलो आणि / खिडकीतून बाहेर / पाहिलं’ हे जोडलं तर काहीच हरवत नाही. उलट बरं वाटतं. अशा वेळी तुमचा कंटाळा बरोबर असतो आणि तो मोलाचा आहे. फक्त ‘हे गद्य आहे’ असं म्हणून चालत नाही, ते शिवीसारखं लागतं. ‘या ओळी इथेच का तोडल्या, ते मला वाचताना जाणवलं नाही’ असं म्हणा. कवीकडे कारण असेल तर तो सांगेल. नसेल तर तो घरी जाऊन विचार करेल.

ओळीचं माप कुठून येतं हेही थोडं माहीत असलेलं बरं, कारण मुक्तछंदातली ओळ कशापासून मुक्त झाली ते कळल्याशिवाय तिचं मुक्तपण दिसत नाही. वृत्तांची नावं पाठ करायची गरज नाही. दोन गोष्टी पुरतात. मराठीत एक परंपरा अक्षरं मोजते. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण ६-६ अक्षरांचे, चौथा ४ अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. तो आखूड चौथा चरण हीच सगळी करामत आहे. तीनदा पाऊल नीट पडतं आणि चौथ्यांदा जमीन थोडी आधीच लागते; गाताना तिथे जागा मोकळी राहते. दुसरी परंपरा लघु-गुरूंचा, म्हणजे ऱ्हस्व आणि दीर्घ उच्चारांच्या अक्षरांचा क्रम बांधून घेते. मंदाक्रांता या वृत्ताच्या १७ अक्षरांत पहिली चार सगळी गुरू, मग पाच लघू आणि एक गुरू, मग उरलेली सात हेलकावत जाणारी. चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. जड पावलं, मग धावपळ, मग झोके. कालिदासानं अख्खं ‘मेघदूत’ याच एका वृत्तात लिहिलं. अर्थ न कळताही कुणी ते नीट म्हटलं तर ढग कसा जातोय ते कानाला कळतं. मग मात्रा मोजणारी वृत्तंही आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

आणि ओवी आहे, जी गद्यलेखकानं आवर्जून वाचावी असं मला वाटतं. ‘ज्ञानेश्वरी’ १२९० सालची. ते तत्त्वज्ञानावरचं भाष्य आहे, म्हणजे आज जे काम आपण निबंधाकडे देतो ते ओवीकडे दिलं होतं. त्यात युक्तिवाद आहे, शंका आहेत, उत्तरं आहेत, एकामागून एक दृष्टांत आहेत. गद्याची सगळी कामं पद्यात चाललेली बघितली की दोन्हींमध्ये भिंत आहे हा समज आपोआप ढिला होतो. नंतरच्या काळातही मराठीत दोन्ही घरांत राहणारे कमी नव्हते. ‘काही कविता’ लिहिणारे मर्ढेकर ‘रात्रीचा दिवस’सारखी कादंबरीही लिहून गेले, आणि ‘कोसला’ ही कादंबरी लिहिणाऱ्या भालचंद्र नेमाड्यांचा ‘मेलडी’ हा कवितासंग्रह आहे.

माझ्या मते मराठी गद्यलेखकानं कवितेकडून घ्यावी अशी सगळ्यात मोठी गोष्ट इथून पुढे येते, आणि तिच्याबद्दल कार्यशाळांत फार कमी बोललं जातं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. तुमच्या कथेचं कुठलंही पान काढा आणि वाक्यांचे फक्त शेवटचे शब्द वाचा: होता, गेली, होतं, म्हणाला, होती, आलं, होता. माझ्याही पानावर हेच. वाक्यातली सगळ्यात ठळक जागा, जिथे आवाज टेकतो आणि वाचक क्षणभर थांबतो, ती आपण दर वेळी ‘होता’ला देऊन टाकतो. व्याकरणाची सोय आहे, दोष कुणाचा नाही. पण वीस पानं झाली की एकच घंटा वाजत राहते.

कवितेत शब्दांचा क्रम हलवायची मुभा असते. बालकवींची ‘औदुंबर’ आठ ओळींची आहे, शाळेत बहुतेकांनी वाचलेली असते आणि म्हणूनच पुन्हा वाचलेली नसते. एकदा फक्त क्रियापदांवर बोट ठेवत वाचा. झरा ‘वाहतो’, शेतमळ्यांची गर्दी ‘लागली’, पायवाट अडवीतिडवी ‘पडे’, कुरणांमधून ‘चालली’, काळिमा लाटांवर ‘पसरी’. सगळं हलतंय, पुढे पुढे जातंय, आणि नजरही त्या पायवाटेबरोबर काळ्या डोहाकडे ओढली जातेय. शेवटच्या ओळीत येतं ‘बसला’. पूर्ण कवितेत पहिल्यांदा काहीतरी स्थिर झालं. पण कोण बसला ते अजून कळलेलं नाही. कर्ता अडवून ठेवलाय, आणि तो येतो कवितेचा अगदी शेवटचा शब्द म्हणून: औदुंबर. गद्यात आपण लिहिलं असतं, ‘औदुंबराचं झाड पाण्यात पाय टाकून बसलं होतं.’ झाड पहिल्या शब्दाला संपलं आणि शेवटची जागा ‘होतं’ला गेली. रंगही असेच रांगेत बघा: हिरवाळी, निळासावळा, मग पांढरी वाट, मग काळा डोह, मग गोड काळिमा. ‘गोड’ हा शब्द काळ्याच्या शेजारी का आलाय यावर मी एकदा पाऊण तास चर्चा ऐकली आहे आणि अजून माझं मत ठरलेलं नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल की इतका वेळ मी कवितेचा अर्थ काय हा विषयच काढला नाही. मुद्दाम. ‘या ओळींतून कवीला काय सुचवायचे आहे?’ हा प्रश्न शाळेनं आपल्या अंगात इतका मुरवला आहे, की कविता समोर आली की आपण थेट उत्तरपत्रिकेत शिरतो. नदी म्हणजे आयुष्य, पक्षी म्हणजे आत्मा, झाड म्हणजे बहुधा वडील. कथाकार हे जास्त करतात असा माझा अनुभव आहे, कारण आपल्याला ‘कळलं नाही’ म्हणायची लाज वाटते. आधी नदीला नदी राहू द्या. कुठली वेळ आहे, पाणी किती आहे, बोलणारा काठावर आहे की पुलावर? हे वाच्यार्थाचं काम पूर्ण झालं की सुचलेला अर्थ आपल्या पायांनी येतो, आणला म्हणून येत नाही.

यासाठी माझं आवडतं उदाहरण फार जुनं आहे. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांचा संग्रह, हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेला. त्यात एक गाथा आहे. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: बाबा, आता निर्धास्त फीर. तो कुत्रा आज मेला. गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं त्याला मारलं. बस, दोन ओळींत संपलं. नवव्या शतकात आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ लिहिला तेव्हा ध्वनी म्हणजे काय, शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ कसा असतो, हे दाखवायला त्याने ही गाथा घेतली. कारण शब्द म्हणतायत ‘ये, फीर’, आणि अर्थ निघतो ‘इथे पाऊल टाकू नकोस’. कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंह असलेल्या झाडीत कसा येईल? मग प्रश्न येतो की तिला तो तिथे का नकोय. टीकाकार सांगतात की त्याच झाडीत ती आपल्या प्रियकराला भेटते आणि हा गृहस्थ तिथे फुलं तोडायला येतो.

हे वाचून पहिल्यांदा मला वाटलं, अरे, ही तर कथा आहे! दोन पात्रं, एक संवाद, एक खोटं, आणि खोट्यामागे तिसरं न दिसणारं पात्र. आपण संवाद लिहितो तेव्हा नेमकं हेच करायला धडपडतो: माणूस बोलतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. जो कथाकार संवादातली ही दुहेरी चाल ओळखू शकतो, त्याला कविता कळत नाही यावर माझा विश्वास नाही. त्याला ती कविता आहे या दडपणानं बुजल्यासारखं झालंय, इतकंच.

आता कार्यशाळेतल्या तुमच्या पाळीबद्दल. ‘छान’, ‘भिडली’, ‘तरल आहे’ या शब्दांचा कवीला काडीचा उपयोग नसतो आणि हे त्यालाही माहीत असतं. न्याय देऊ नका, वाचताना तुमचं काय झालं ते सांगा. ‘तिसऱ्या ओळीपाशी मी मागे जाऊन परत वाचलं.’ ‘दुसऱ्या कडव्यात माझं लक्ष उडालं, तिथे सलग चार विशेषणं आहेत.’ ‘दार हा शब्द दोनदा आलाय, दुसऱ्यांदा आला तेव्हा मला पहिलं दार आठवलं, ते हवं होतं का?’ यासाठी कवितेचं शास्त्र लागत नाही, लक्ष लागतं. आणि ते तुमच्याकडे आहे, नाहीतर कादंबरी अर्ध्यापर्यंत आली नसती.

काही गोष्टी तर कवींपेक्षा कथाकारालाच आधी दिसतात. कोण बोलतंय? कुणाशी? आत्ता बोलतंय की घडून गेल्यावर? पहिल्या कडव्यात पाऊस पडतोय आणि तिसऱ्यात पायाला धूळ लागतेय, मध्ये किती दिवस गेले? कवी आपल्या प्रतिमेच्या प्रेमात असतो, त्याला ही धूळ दिसत नाही. मी एका सत्रात फक्त एवढंच विचारलं होतं, की या कवितेतला माणूस बसलाय की उभा आहे. कवयित्री गप्प झाली, आणि पुढच्या आठवड्यात ती कविता निम्मी करून घेऊन आली. तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं, म्हणून नको तितकं लिहिलं होतं.

एक काळजी मात्र घ्या. कथेत आपण ‘मी’ला निवेदक म्हणतो, लेखक म्हणत नाही, कवितेत मात्र हे भान सुटतं. कुणी घटस्फोटावर कविता वाचली की सगळं सत्र सांत्वनाला लागतं, आणि कवितेवर कुणीच बोलत नाही. कवितेतला ‘मी’ हेही पात्रच आहे असं धरून चाला. तो खरोखर कवीच असला तरी त्याला त्यामुळे अपमान वाटत नाही, उलट जरा मोकळं वाटतं.

दुर्बोध कवितेचं काय? इथे मी थोडी कडक आहे. अवघड कविता आणि न ठरवलेली कविता यांत फरक असतो. शंका आली तर एखादा महत्त्वाचा शब्द बदलून बघा. ‘चांदणं’ असेल तिथे ‘ऊन’ ठेवा, तिसरं आणि चौथं कडवं एकमेकांच्या जागी ठेवा. काहीच बिघडलं नाही तर तिथे कवीनं काही ठरवलेलंच नव्हतं. सगळं कोसळलं तर ती अवघड असली तरी घट्ट आहे, आणि मग न कळणं ही तुमची पाळी आहे; थांबा, परत या. आणि सगळं करूनही न आवडली तर न आवडली. मला स्वतःला काही फार नावाजलेले कवी आजही लागत नाहीत. त्यांचं काम कसं चालतं ते मी सांगू शकते, पण संध्याकाळी हातात घ्यावंसं वाटत नाही. गद्यातही असे लेखक आहेतच की, त्यांच्याबद्दल आपण इतकं अपराधी कुठे होतो?

घरी काय करायचं असं विचाराल, तर कवितासंग्रह कादंबरीसारखा एका बैठकीत वाचू नका, एवढी एक गोष्ट पाळा. आपल्याला पानं उलटायची सवय असते आणि साठ कविता सलग वाचल्या की त्यांची एकच राखाडी कविता होते. दोन वाचा, पुस्तक मिटा. एखादी आवडली तर हातानं उतरवून काढा, टंकू नका. हातानं लिहिताना ओळ संपते तिथे तुम्हाला खरोखर हात उचलून खाली यावं लागतं. आठवडाभर एकच कविता खिशात ठेवली तरी चालेल.

स्वतः कविता लिहून बघावी का? हो, पण मुक्तछंदात नको. तो सगळ्यात सोपा दिसतो आणि सगळ्यात कठीण असतो, कारण तिथे प्रत्येक ओळ कुठे थांबवायची याचं कारण तुम्हालाच निर्माण करावं लागतं. अभंगाच्या मापात दहा रद्दड कडवी लिहा. मी परवा हे केलं:

लिहिता लिहिता
संपली ती शाई
शब्दांना ये घाई
उगाचच

सहा, सहा, सहा, चार. मोजून बघा, हिशेब बरोबर आहे. पण त्यातली ‘ती’ निव्वळ भरीची आहे, एक अक्षर कमी पडत होतं म्हणून बोलावलेली, हे तुम्हाला लगेच दिसेल. ‘ये’ही जुन्या कवितेतून उसना आणलाय. या कसरतीचा फायदा कविता चांगली होण्यात नाही. भरीचा शब्द कसा दिसतो, हे एकदा सहा अक्षरांत ओळखलं की तो साडेतीनशे पानांच्या कादंबरीतही दिसायला लागतो, आणि मग जरा भीतीच वाटते, कारण तो सगळीकडे असतो.

राहिली तुमची तक्रार, की कवी तुमच्या कथेतल्या एखाद्या शब्दावरच अडून बसतात. मलाही याचा राग यायचा. माझी एक कथा होती, एका बाईच्या अचानक निघून जाण्यावरची, चौदा पानांची. कालक्रम नीट लागला की नाही, नवऱ्याचं पात्र एकांगी झालंय का, यावर मला चर्चा हवी होती. मघाशी सांगितलेले ते वयस्क कवी त्या दिवशीही होते. त्यांनी चौदा पानांबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटचं पान घेतलं, पेन्सिल काढली आणि शेवटच्या वाक्यातला एक शब्द खोडून पान मला परत दिलं. वाक्य होतं, ‘दाराशी अजून तिच्या चपला होत्या.’ मी घरी जाईपर्यंत चिडलेली होते. कथा छापून आली तेव्हा शेवट असा होता: ‘दाराशी अजून तिच्या चपला.’